साथीत आणि साथीनंतर कंपनीतल्या माणसांची मनं कशी सांभाळायची

हे लिहितेय ते भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा एमआयडीसीतल्या छोट्या आणि मध्यम कंपन्यांसाठी. म्हणजे जिथे अख्खं एचआर म्हणजे एकच मॅडम किंवा एकच साहेब, तेच पगारपत्रक बघणार, तेच कॅन्टीनच्या तक्रारी ऐकणार, आणि कोरोनात तेच रात्री दोन वाजता बेड शोधत फोन फिरवत बसलेले. मोठ्या आयटी कंपन्यांकडे काउन्सेलर असतात, अ‍ॅप असतं, वेबिनार असतात, आपल्याकडे त्यातलं काही नसतं. पण मी इतकी वर्षं या पट्ट्यात काम करून ठाम सांगते की साथीच्या काळात माणसाच्या मनाला सगळ्यात जास्त आधार मिळतो तो पगाराची खात्री, हक्काची सुट्टी, खरी माहिती आणि चांगला सुपरवायझर या चार गोष्टींनी, आणि या चारही गोष्टी पन्नास माणसांच्या कंपनीलाही जमतात. काउन्सेलर लागतोच, त्याबद्दल पुढे लिहिलंय, पण पगार कधी होणार हेच माहीत नसलेल्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून काही होत नाही.

आणि कोरोना संपला आता कशाला, असं कोणाला वाटत असेल तर पुण्यातलं जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रोड, नांदोशी, किरकटवाडी भागात जीबीएसचे (नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) पेशंट निघाले, बातम्यांत व्हेंटिलेटर शब्द आला आणि त्या बाजूला राहणारे कितीतरी लोक एका दिवसात २०२१ मध्ये जाऊन पोचले. ज्यांनी घरचं माणूस व्हेंटिलेटरवर गमावलंय त्यांना तो शब्द ऐकूनच घाम फुटतो. म्हणून तयारी शांततेच्या काळातच करून ठेवायची.

सगळ्यात आधी पगाराचं बोला

मार्च २०२० चा शेवट आठवतो का, २९ मार्चला केंद्राचा आदेश आला की लॉकडाऊनमध्येही पूर्ण पगार द्या, मग १८ मेपासून तो आदेश उठला, मधल्या काळात कोणी पूर्ण दिला, कोणी अर्धा, कोणी फक्त परमनंटवाल्यांना, आणि कामगारांना मात्र कोणी काहीच नीट सांगेना. लोक फोन करून विचारायचे "मॅडम, होईल ना?" आणि त्या एका प्रश्नात घरभाडं, पोराची फी, गावाकडे आईची गोळ्या-औषधं सगळं असायचं. वाईट बातमी माणूस पचवतो हो, तो काहीतरी जुगाड करतो, भावाकडून घेतो, सोनं गहाण ठेवतो. पण काय होणार हेच कळत नसेल तर तो रात्रभर छताकडे बघत पडतो.

त्यामुळे साथ सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच मालकांना बसवा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या. या महिन्याचा पगार किती आणि कोणत्या तारखेला, आजारी पडला किंवा घर सील झालं तर हजेरी कशी धरणार, आणि कामावरून कमी करणार का, करणार असाल तर कधीपर्यंत नाही. तिसरं मालक सहसा बोलायला तयार होत नाहीत. त्यांना सांगा की वर्षाची गॅरंटी कोणी मागत नाहीये, "३० जूनपर्यंत कोणालाही कमी करणार नाही" एवढं एक वाक्य पण खूप असतं. लोक ते एकमेकांना फॉरवर्ड करतात, बायकोला वाचून दाखवतात.

नोटीस साध्या भाषेत लिहा. वकिली मराठी नको. साधारण अशी:

"एप्रिलचा पगार ७ मे रोजी बँकेत जमा होईल. बेसिक आणि डीए पूर्ण मिळेल, ओव्हरटाइम आणि हजेरी बोनस या महिन्यात नाही. कोणी पॉझिटिव्ह आल्यास किंवा घर सील झाल्यास तेवढे दिवस भरपगारी धरले जातील, रजा कापली जाणार नाही. ठेकेदाराकडच्या कामगारांनाही हाच नियम आहे. पुढची माहिती १५ मे रोजी याच बोर्डावर मिळेल. काही अडचण असल्यास टाइम ऑफिसला फोन करा."

यात शेवटून दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे, पुढची माहिती कधी मिळणार. त्या तारखेला सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी "अजून बदल नाही" एवढं तरी लिहायचंच, तारीख चुकवायची नाही. आणि हिंदीत पण लावा. युपी, बिहार, झारखंडची पोरं आपल्याकडे हेल्पर म्हणून असतात, त्यांची इथे खोली असते पण घर नसतं. २०२० मध्ये ती चालत निघाली, ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, जालन्याच्या स्टील कंपनीतून घराकडे निघालेली माणसं होती ती. त्या पोरांना कंपनी आपल्याला धरून आहे हे त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे, आणि "ठेकेदाराला विचारा" हे उत्तर तर साथीत कोणालाच द्यायचं नाही.

माहिती एकाच तोंडातून

अफवा थांबवायच्या तर गप्प बसा म्हणून होत नाही, खरी माहिती अफवेच्या आधी पोचवावी लागते. एक माणूस ठरवा, एक वेळ ठरवा. शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं पुरतात. आज काय नवीन आहे, आपण काय केलंय, तुम्ही काय करायचं. यात "आपण काय केलंय" हे विसरू नका. जीबीएसच्या वेळी पाण्याचीच भीती होती, तर अशा वेळी टाकी कधी धुतली, पाणी तपासायला कधी दिलं, रिपोर्ट काय आला हे लिहून पाण्याच्या कूलरवरच चिकटवायचं. भीतीवर भाषण देण्यापेक्षा त्या कागदाने माणूस लवकर शांत होतो, कारण त्याला दिसतं की कोणीतरी बघतंय.

आणि नाव. पॉझिटिव्ह माणसाचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही, बोर्डावर लावायचं नाही, "असेंब्लीतला तो उंच पोरगा" असंही सांगायचं नाही. कोणाच्या जवळ कोण बसलं होतं ते त्या-त्या माणसाला बाजूला घेऊन सांगता येतं. २०२० च्या पहिल्या काही महिन्यांत लोकांची नावं, पत्ते, रिपोर्टचे फोटोसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, हातावर क्वारंटाइनचा शिक्का दिसला तर दुकानदार सामान देईना, सोसायटीवाले लिफ्ट वापरू देईनात. आजार चौदा दिवसांत गेला पण ती वागणूक माणसं अजून विसरली नाहीत. कामावर परत आलेल्या माणसाच्या शेजारी जेवायला कोणी बसत नसेल तर सुपरवायझरने स्वतःचा डबा घेऊन त्याच्या शेजारी बसायचं, डॉक्टरांनी परवानगी दिलेली असते, मग घाबरायचं काय. त्यावर वेगळं बोलायचीही गरज पडत नाही.

खरं काम सुपरवायझरचं

एचआर केबिनमध्ये असतं, मालक वरच्या मजल्यावर, लाइनवर माणूस आठ तास बघतो तो सुपरवायझर. म्हणून एखादा तास त्यांना एकत्र बसवून शिकवणं हे पोस्टर लावण्यापेक्षा दहापट उपयोगाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पद्धत सांगितली, तिचं सार तीन शब्दांत आहे, बघा, ऐका, जोडून द्या. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. कारखान्यात ती कशी वापरायची ते सांगते.

बघा म्हणजे बदल बघा. मुळात अबोल माणूस अबोलच राहिला तर ठीक, पण सगळ्यांत बसून डबा खाणारा अचानक मशीनमागे एकटा जेवायला लागला, कधी रिजेक्शन न येणाऱ्या माणसाचे पीस परत यायला लागले, सोमवारी दांड्या वाढल्या, गायछाप दिवसाला एक पुडी होती ती तीन झाली, क्षुल्लक कारणावरून हेल्परच्या अंगावर धावून गेला, सारखा नाइट शिफ्ट मागून घेतोय, पुन्हापुन्हा हात धुतोय, ऑक्सिमीटर खिशात घेऊन फिरतोय. यातलं एखादं दोन दिवस दिसलं तर काही नाही. दोन आठवडे टिकलं तर बोलायचंच.

आता बोलायचं कसं, कारण "घरी सगळं ठीक ना?" विचारलं की "हो साहेब" येतं आणि विषय तिथेच संपतो. आपल्याकडे पुरुष माणूस कामावर "मन बरं नाही" असं म्हणतच नाही, तो म्हणतो डोकं जड आहे, पित्त झालंय, छातीत धडधडतंय. मग तिथूनच शिरायचं. झोपेचं विचारा, जेवणाचं विचारा. त्याची लाज वाटत नाही कोणाला.

"काय रे, डोळे लाल दिसतायत, झोप होत नाही का?"
"होते की."
"किती वाजता झोपतोस?"
"पडतो दहाला. लागते तीनला वगैरे."
"किती दिवस झाले असं?"
"वडील गेल्यापासून."

आणि इथे थांबायचं. पटकन सल्ला द्यायचा मोह होतो, तो आवरायचा. "पडल्यावर काय येतं मनात?" एवढं विचारा आणि ऐका, चहा घ्या सोबत. लाइन थांबत असेल तर रिलिव्हर लावा. आणि हे सगळ्यांसमोर नको, मशीनच्या आवाजात ओरडूनही नको, स्टोअरच्या बाजूला, गेटजवळच्या झाडाखाली, कुठेही जिथे दोघंच असाल तिथे.

काय बोलायचं नाही तेही सांगून ठेवा सुपरवायझरला. पॉझिटिव्ह विचार कर, पुरुषासारखा पुरुष रडतोस काय, लोकांची दोन-दोन माणसं गेली तुझं तर एकच, जाणाऱ्याचा वेळ आलेला असतो, कामात मन गुंतव. सगळे चांगल्या भावनेनेच बोलतात हे, पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की इथे बोलून उपयोग नाही. त्यापेक्षा "अवघड आहे रे हे" एवढं म्हणून शेजारी बसलेलं बरं.

जोडून द्या म्हणजे त्याचा प्रश्न ज्याच्याकडे सुटेल त्याच्याकडे त्याला न्या. प्रश्न पैशाचा असेल तर अकाउंट्सकडे, सुट्टीचा असेल तर माझ्यासारख्याकडे, झोप महिनाभर उडाली असेल तर डॉक्टरकडे. नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही, शक्य असेल तर पहिला फोन सोबत बसून लावायचा.

कोणी आजारी असेल तेव्हा

आजारी माणसासाठी आणि त्याच्या घरासाठी कंपनीतून एकच माणूस ठरवा, रोज एकदा फोन करायचा, ठरलेल्या वेळी. दहा जणांनी दहा फोन केले की घरच्या बाईला तेच ते सांगून रडू येतं. फोनवर "कधी जॉइन होणार" हा प्रश्न बंद. विचारायचं ते हे की औषधं मिळाली का, डबा येतोय का, दवाखान्याचं डिपॉझिट भरलं का, मुलं कोणाकडे आहेत. त्याचा मित्रच असेल फोन करणारा तर सगळ्यात चांगलं, आणि त्याला त्या वेळेपुरता लाइनवरून मोकळा करा, जेवणाच्या सुट्टीत कर म्हणू नका.

अ‍ॅडव्हान्सची रक्कम आधीच ठरवून ठेवा, अर्ज-मंजुरीची भानगड नको. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, हे कितीतरी कामगारांना माहीतच नसतं, २१,००० च्या आत पगार असणाऱ्या प्रत्येकाला त्याचं कार्ड चालू आहे का ते आपण स्वतः तपासून सांगायचं.

माणूस गेला तर

यावर जरा जास्त लिहिते, कारण दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, सगळ्यात जास्त जखमा इथेच झाल्या आणि भरल्या नाहीत.

आपल्याकडे माणूस गेला की खात्यातली सगळी मंडळी भेटायला जातात, पायऱ्यांवर बसतात, कोणी काही बोलत नाही, चहा होतो, निघतात. दहाव्याला नदीवर किंवा घाटावर जातात, कावळा शिवायची वाट बघतात. यातून घरच्यांना कळतं की आपला माणूस चारचौघांत होता, आणि सोबतच्यांनाही कळतं की तो गेला. कोरोनात हे काहीच झालं नाही. बॉडी प्लास्टिकमध्ये, तोंड दिसलं नाही, दहावा दोन माणसांत किंवा झालाच नाही, अस्थी टोकन नंबरवर घेतल्या. महिनाभराने कामावर आलो तर त्याच्या मशीनवर नवीन पोरगा उभा.

त्यामुळे कंपनीने हे करायचं. बातमी सगळ्यांना एकाच वेळी, शिफ्टच्या सुरुवातीला, तोंडाने सांगायची, ग्रुपवर फोटो आणि हात जोडलेले इमोजी टाकून नाही. दोन मिनिटं उभं राहायचं. त्याचं लॉकर लगेच फोडायचं नाही, घरच्यांना विचारून, त्याच्या जवळच्या दोस्ताच्या हातून आवरायचं, डबा, चप्पल, देवाचा फोटो असं जे असेल ते पिशवीत घालून घरी नेऊन द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्याचा नंबर दुसऱ्या दिवशी काढायचा नाही, घाई काय आहे. त्याच्या मशीनवर नवीन माणूस उभा करायच्या आधी शेजारच्या ऑपरेटरना सांगायचं की उद्यापासून अमुक जण येणार आहे. आणि निर्बंधांमुळे भेटायला जाता आलं नसेल तर नंतर जा. सहा महिन्यांनी जा, वर्षश्राद्धाला जा. उशीर झाला म्हणून कोणी दार लावत नाही.

मग कागदपत्रं. हे मी मानसिक आधाराच्या गाईडमध्ये का लिहितेय असं वाटेल, पण नवरा गेलेल्या बाईला दहा ऑफिसचे दहा फॉर्म भरायला लावणं हा फार मोठा छळ आहे आणि तो आपण वाचवू शकतो. पीएफची शिल्लक, पेन्शन, ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबत येणारा विमा जो एप्रिल २०२१ मध्ये वाढून ७ लाखांपर्यंत झाला, ग्रॅच्युइटी, ज्याला मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षं नोकरीची अट लागत नाही, हे सगळं कंपनीने भरून, फक्त सहीसाठी घरी न्यायचं. कोरोनात राज्याकडून ५०,००० चं सानुग्रह अनुदान होतं, ईएसआयसीची कोविड रिलीफ योजना होती ज्यात अवलंबून असलेल्यांना सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळत होते, पण ज्यांच्या कंपनीने पाठपुरावा केला त्यांना ते सोपं गेलं, बाकीच्या बायका फायली घेऊन फिरत राहिल्या. नॉमिनी अपडेट करणं हे आज, काही घडलेलं नसताना करून घ्या. कित्येकांचा नॉमिनी लग्नाआधीचा, आईच्या नावाचा असतो आणि नंतर सासू-सुनेत त्यावरून फाटतं.

साथ संपल्यावर, म्हणजे जेव्हा सगळ्यांना वाटतं की संपलं

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. माणसाच्या मनाची आणीबाणी अशी तारखेला संपत नाही. साथ चालू असताना माणूस धावपळीत असतो, सगळे एकाच होडीत असतात, जरा निवांत झालं की मग अंगावर येतं. त्याच संघटनेने सांगितलं होतं की पहिल्याच वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंतेचे आजार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. आणि नेमक्या त्याच वेळी कंपनीत काय होतं, तर ऑर्डर तुंबलेल्या असतात, ओव्हरटाइम सुरू होतो, रविवार जातो, "मागचं भरून काढायचंय" चालू होतं. माझं स्पष्ट मत आहे, साथीनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत आठवडी सुट्टी मोडायची नाही, काही झालं तरी. डिस्पॅच उशिरा गेला तर ग्राहकाशी बोलता येतं.

आयसीयूतून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून पूर्ण जोमात काम करेल अशी अपेक्षा धरू नका. दम लागतो, विसरायला होतं, ड्रॉइंग वाचताना डोकं चालत नाही, आणि तो घाबरतो की आता आपण निकामी झालो, काढून टाकतील. त्याला आधीच सांगा की पहिले काही आठवडे चार तास, मग सहा, मग पूर्ण, बसून करायचं काम, इन्स्पेक्शनचं टेबल, आणि पगार तोच. हे लेखी द्या. लेखी दिलं की तो घरी दाखवतो आणि घरचंही टेन्शन उतरतं.

एक गोष्ट फार लोक मनात दाबून बसलेत. "मी कंपनीतून आजार घरी नेला आणि आई गेली." हे कोणी सहज बोलत नाही, पण बोललं तर "असं काही नसतं, वेडा आहेस का" म्हणून उडवून लावू नका. तो रोज हेच घोळवतोय. त्याला म्हणा की तुला माहीत नव्हतं, तू पोट भरायला कामावर आला होतास, आणि आम्ही तुला बोलावलं होतं. शेवटचं वाक्य कंपनीच्या माणसाने म्हणणं गरजेचं आहे, कारण ते खरं आहे आणि त्याच्या एकट्याच्या डोक्यावरचं ओझं त्याने थोडं वाटून घेतलं जातं. हे विचार महिनोन्महिने चालू असतील तर काउन्सेलर लागतोच, ते आपल्या हातातलं काम राहत नाही.

कर्ज. दवाखान्याची बिलं लाखांत गेली, पीएफमधून कोविड अ‍ॅडव्हान्स काढून झाला, सोनं गेलं, खासगी फायनान्सवाल्याचं व्याज चालू, मोबाइलवरच्या लोन अ‍ॅपवाल्यांच्या शिव्या चालू. अशा माणसाला झोप येत नाही ती व्याजामुळे. इथे काउन्सेलरच्या आधी कंपनीच्या पतसंस्थेतून किंवा बिनव्याजी कर्ज देऊन महागडं कर्ज फेडून टाकणं, पगारातून छोटे हप्ते करणं, हेच खरं औषध. वसुलीवाल्यांचे फोन कंपनीत यायला लागले तर त्या माणसाला खजील करू नका, फोन आपण घ्या आणि सांगा की कामाच्या वेळेत फोन नको.

बायकांचं वेगळं बघा. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, नवरा घरी, दारू कुठून तरी यायचीच, आणि कामावर येणं हाच कितीतरी जणींचा सुटकेचा वेळ होता, तोही बंद झाला. त्यांना विचारायला बाईच माणूस पाहिजे. एचआरमध्ये पुरुष असेल तर लाइनवरच्या एखाद्या मोठ्या ताईंना ही जबाबदारी द्या. घरात मारहाण होत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, जिथे ती एकटी वाचू शकेल.

आणि गेटवरचा वॉचमन, हाउसकीपिंगच्या मावशी, अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून वापरलेल्या गाडीचा ड्रायव्हर, कॅन्टीनवाले. साथीत सगळ्यात पुढे हेच होते आणि कुठल्याच यादीत यांचं नाव नसतं, कारण ते "आपले" नाहीत, एजन्सीचे आहेत. त्या ड्रायव्हरने किती जणांना दवाखान्यात सोडलं आणि किती जणांना परत आणलं नाही, हे त्याला कोणी विचारलंय का?

काउन्सेलर, हेल्पलाइन, डॉक्टर

सगळ्यात सोपा नंबर १४४१६. ही सरकारची टेलि मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आय-कार्डच्या मागे छापून घ्या, पोस्टरवर लावून कोणी सगळ्यांसमोर फोटो काढत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि पुण्यात येरवडा, शिवाय ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांच्या ओपीडीत नुसती झोप येत नाही म्हणूनही जाता येतं. पण "येरवडा" म्हटलं की आपली माणसं दचकतात हे खरं आहे, म्हणून आधी ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडे पाठवा, ते पुढची चिठ्ठी देतात आणि ते माणसाला पटतं.

कंपनीत काउन्सेलर बोलवत असाल तर तिला एचआरच्या काचेच्या केबिनमध्ये बसवू नका, आत कोण गेलं ते अख्ख्या शॉप फ्लोअरला दिसतं आणि दुपारपर्यंत "ह्याचा स्क्रू ढिला झालाय" सुरू होतं. त्यापेक्षा बीपी-शुगर तपासणीचा कॅम्प ठेवा, सगळ्यांनाच आत जायचंय, आतल्या खोलीत काउन्सेलर, प्रत्येकाशी दहा मिनिटं. ज्याला जास्त बोलायचंय तो नंबर घेतो. वेळ शिफ्टमधलाच द्यायचा, सुटल्यावर कोणी थांबत नाही, बस चुकते. आणि काउन्सेलरकडून एचआरने नावं मागायची नाहीत. मी पण मागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, पर्सनल फाइलमध्ये त्याची नोंद करायची नाही, इन्क्रिमेंटला ती आठवायची नाही.

त्याच कायद्यात असंही आहे की विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा. ग्रुप मेडिक्लेम रिन्यू करताना ब्रोकरला हे स्पष्ट विचारा, कोणत्या अटी, किती मर्यादा, ओपीडी धरतात का. बहुतेक वेळा काउन्सेलिंगची फी त्यात बसत नाही, मग पहिल्या काही भेटींची फी कंपनीने भरली तर फार मोठा खर्च होत नाही. आणि सायकोसिससारखा (वास्तवाचं भान सुटतं असा) गंभीर आजार असेल तर ईएसआयसीत जास्त लांबची रजा आणि ८० टक्क्यांपर्यंत भत्ता मिळण्याची तरतूद आहे, डॉक्टरांच्या कागदांसकट ब्रँच ऑफिसला जाऊन विचारा.

जिवाचं बोलला तर

"मी नसलो तरी काय फरक पडतो", "विम्याचे पैसे तरी मिळतील पोरांना", गाडी-मोबाइल वाटून टाकणं, सगळ्यांची माफी मागत फिरणं. हे ऐकलं किंवा दिसलं की थट्टेवारी न्यायचं नाही. सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात भरला जात नाही, उलट कितीतरी जणांना कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही कोणीतरी सोबत, मशीनवर परत पाठवायचं नाही, नाइट शिफ्टला तर नाहीच. घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलावून घ्यायचं, १४४१६ ला फोन लावायचा, आणि परिस्थिती हाताबाहेर वाटली तर ११२ किंवा सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, म्हणा की तुला वाचवायला लागेल तेवढ्यांनाच सांगेन. पोलीस केस होईल म्हणून लपवायचीही गरज नाही, वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्यात अशा माणसाला शिक्षा न करता तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरतात आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. तो परत कामावर येईल तेव्हा पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा ठरवून भेटा.

फोन धरणाऱ्यांचं पण बघा

बेड शोधणारे, मयत झाल्यावर घरी फोन करणारे, घरच्यांचा आक्रोश कानावर घेणारे एचआर, सेफ्टी ऑफिसर, युनियनचे पदाधिकारी यांची ड्यूटी आळीपाळीने लावा. सलग आठवडाभर एकाच माणसाकडे तो फोन नको, रात्री दहानंतर दुसऱ्याकडे द्या. कोणाच्या घरी बातमी सांगायला जायचं असेल तर दोघं जा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उशिरा यायला सांगा.

हे सगळं एका कागदावर लिहून टाइम ऑफिसच्या कपाटात ठेवा. पगाराच्या नोटीसचा मसुदा, रोज बोलणारा माणूस कोण, आजारी घरांना फोन कोण करणार, अ‍ॅडव्हान्सची मर्यादा, १४४१६, जवळच्या मानसोपचार डॉक्टरांचा नंबर, मृत्यूनंतरच्या फॉर्मची यादी, आणि प्रत्येकाचा नॉमिनी शेवटचा कधी तपासला ती तारीख. दर जानेवारीत काढून बघा, नोकरी सोडून गेलेल्यांची नावं बदला, नंबर लावून बघा की लागतात का.